सहामाहीचे मार्क

सहामाहीला मार्क देताना मी हात आखडता घ्यायचे. दहावीला गणित शिकवणारे आम्ही सगळेच घ्यायचो, पण माझा हात जरा जास्तच आखडलेला. डिसेंबरात मूल घाबरलं की बोर्डाच्या परीक्षेपर्यंत मान मोडून अभ्यास करतं, हा साधा हिशेब. एकक लिहिलं नाही, कापा. एक पायरी गाळली, कापा. मुलं माझ्यामागे मला 'अर्धा मार्क मिस' म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. बोर्डात माझ्या मुलांना भरभरून मार्क पडले की सहामाहीचे मार्क कोणाच्या लक्षात राहतात?

सांगलीहून मी नवऱ्याच्या बदलीमुळे चेन्नईला आले. पुढे तो वारला, मुलगा पुण्यात स्थिरावला. मैलापूरच्या दोन खोल्यांत मी टिकून राहिले ती शाळेच्या जोरावर.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील चेन्नईबाहेर ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात कामगार. त्याच कारखान्यात, पण गाडीचा आराखडा काढणाऱ्यांच्या खोलीत बसायचं, असं या पोरीनं ठरवून टाकलं होतं. त्यासाठी अकरावीला फर्स्ट ग्रुप हवा, म्हणजे गणित आणि विज्ञान. मधल्या पायऱ्या ती मनातच करायची आणि उत्तरावर माझ्याआधी पोचायची. नव्वद मार्कांची पोरगी. सहामाहीला मी तिला बासष्ट दिले. म्हटलं, डोक्यात हवा जायला नको. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी साडेसातलाच वर्गात येऊन बसू लागली. मी मनातून खूश.

मग करोना आला. बोर्डाची परीक्षा आधी पुढे ढकलली, नंतर रद्दच झाली. सगळे पास, आणि मार्क ठरणार तिमाही-सहामाहीवरून, थोडे हजेरीचे. टीव्हीवर हे ऐकलं तेव्हा मी जेवत होते. मला आधी ते बासष्ट आठवले.

मुख्याध्यापिकांचा फोन आला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्याच कपाटात होता. तो सोमवारी आणून द्या, म्हणाल्या, आणि बेरजेत चूक राहिली असेल तर दुरुस्त करून सही करा. 'बेरजेत चूक' हे त्यांनी दोनदा म्हटलं. त्याचा अर्थ न कळण्याइतकी मी भोळी नव्हते.

दोन दिवस त्या चाळीस उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन बसले. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, एरवी नकोशा वाटणाऱ्या रिक्षांच्या हॉर्नचीही आठवण येत होती. त्या मुलीच्या पेपरात मला अठ्ठावीस मार्क सापडले. सगळे मीच कापलेले, आणि त्यातला एकही कापण्यासारखा नव्हता. विचारायला घरात कोणी नाही. मुलाला फोन केला तर तो घाईत होता, म्हणाला, नियमाप्रमाणे कर. दिलेले मार्क बदलायचे नाहीत हा नियम होताच. पण खरं कारण ते नव्हतं. चाळीस पेपर दुरुस्त करायचे म्हणजे मी चाळीस वेळा खोटे मार्क दिले हे लाल शाईत कबूल करायचं. ते माझ्याच्यानं होईना. माझ्या बेरजेत चूक नसते, असं मुख्याध्यापिकांना तोऱ्यात सांगून मी सही ठोकली.

इतर विषयांच्या शिक्षकांनी गुपचूप आपापले मार्क नीट करून दिले होते. तिला गणितानं खाली ओढलं. फर्स्ट ग्रुपच्या जागा मोजक्याच, त्या भरल्या आणि तिला कॉमर्स मिळालं. तिचे वडील मला भेटायला शाळेच्या फाटकाशी आले होते. वरच्या खिडकीतून मी त्यांना पाहिलं, पण खाली गेले नाही.

गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली. मी तोवर निवृत्त झाले होते. पाण्याचा कॅन आणणाऱ्या माणसाखेरीज कित्येक महिन्यांत कोणी माझी बेल वाजवली नव्हती. ती बी.कॉम. झाली होती, एग्मोरच्या एका ऑफिसात नोकरी लागली म्हणून मैसूरपाक घेऊन आली होती. मला इतका आनंद झाला की मला स्वतःचीच लाज वाटली. कॉफी पिता पिता ती अगदी मोकळेपणानं म्हणाली, "बरं झालं मिस, तुम्ही वेळेवर दाखवून दिलंत. मला उगीचच वाटायचं, मला गणित येतं."

'तुझा पेपर नव्वदचा होता.' एवढंच सांगायचं होतं. ते ओठांवर आलं आणि त्याच्याबरोबर हेही मनात आलं की हे ऐकल्यावर ती पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. मी तिला आणखी कॉफी घेतेस का विचारलं. पुढच्या रविवारीही ये म्हटलं.

आता ती महिन्यातून एकदा तरी येते. मी अजून तिला सांगितलेलं नाही.