शनिवारची मरळ

बोरीच्या तात्यारावांनी जन्मभर कापूस आणि सोयाबीन पिकवलं, पण गाव त्यांना ओळखायचं ते बाता मारण्यासाठी. त्यातली सगळ्यात मोठी बात माशाची. लहानपणी मामाच्या गावी हातभर मरळ एकट्यानं गळानं ओढली, हे त्यांनी लग्न झाल्या झाल्या रुख्मिणीबाईंना सांगितलं, आणि पुढे घरात कालवण शिजलं की सांगितलंच. मासा मात्र दर वेळी बाजारातून यायचा. रुख्मिणीबाई भांडत नसत. "व्हय का?" एवढंच म्हणत. तेवढं तात्यारावांना काट्यासारखं टोचायचं.

म्हणून लेकानं, आदिनाथनं, येलदरीच्या तलावाकाठी तंबू ठोकून राहायचा बेत काढला, तेव्हा तात्यारावांनी आधी गळ शोधला. या खेपेला बायकोला दाखवायचंच!

शनिवारी दुपारी तिघं पोचले. होडीतून चक्कर झाली. रुख्मिणीबाई आधी जीव मुठीत धरून बसल्या, मग पाण्यात हात घालून पोरीसारख्या हसायला लागल्या. तात्यारावांचं तिकडे लक्षच नव्हतं. होडी काठाला लागताच ते गांडुळं लावून बसले.

उन्हं उतरली तरी दोरी हलेना. हलली तेव्हा अशी हलली, की तात्याराव गुडघाभर पाण्यात ओढले गेले. आदिनाथनं मागून कंबर धरली. धोतर भिजलं, चप्पल गेली, पण मरळ आली. हातभर लांब, काळीभोर!

"बघ!" तात्याराव ओरडले. "आता बोल!"

रुख्मिणीबाईंनी मरळ नीट पाहिली. "आज शनवार हाय," त्या म्हणाल्या.

घरात शनिवार मारुतीचा. त्या दिवशी चुलीवर वशाट चढत नाही. सुट्टी बघून बेत आखणाऱ्या आदिनाथनं जीभ चावली.

"आई, बारा वाजले की रविवार लागतोय."

"तुझ्या मोबाइलात लागत असंल. माझ्या घरी दिवस उगवल्यावर लागतो. आन् मेलेली मासळी मी शिजवणार न्हाई."

मरळ चिवट जात. बादलीत पाणी, वर परात, परातीवर दगड. "रातभर मी राखतो," तात्यारावांनी जाहीर केलं, घोंगडी पांघरून बादलीशेजारी ठाण मांडलं, आणि पोटात भाकरी-पिठलं जाताच घोरायला लागले.

तात्यारावांना जाग आली तेव्हा उगवतीला तांबडं फुटलं होतं. बादलीपाशी रुख्मिणीबाई बसल्या होत्या. पदर ओलाचिंब, हातात तांब्या.

"मेली का गं?"

"मरू देते व्हय? रातभर पाणी बदलायले मी." त्यांनी परात जराशी उचलून दाखवली. आत मरळ सळसळली. "उभा जन्म मला वाटायचं, एकदा तरी ह्या मानसाचं खरं निघावं. आन् ते खरं चुलीवर चढायच्या वक्ताला तुमी घोरायलाव!"

तात्यारावांना भरून आलं. ते उठले आणि चूल पेटवायला लागले.