जीपभर माणसं आणि एक खुर्ची

जीपमधून माणसं उतरतच होती. आजी, दोन काका, काकू, चुलत भावंडं आणि खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचा भलामोठा डबा. मी कपाळाला हात लावला. जळगावच्या कोर्टात मी समुपदेशक होते. भेट ठरली होती एका बापाची आणि सहा वर्षांच्या लेकीची. आलं होतं अख्खं गाव.

आईवडील वेगळे झाले की मूल कोणाकडे राहणार, याला कोर्टात ‘ताबा’ म्हणतात. दुसऱ्याने कधी, किती वेळ भेटायचं, तो ‘ॲक्सेस’. निकाल लागेपर्यंत भेटी कोर्टातल्या बालकक्षात व्हायच्या, माझ्यासमोर. ईश्वरी नशिराबादला आईजवळ होती. बाप देविदासभाऊ धुळ्याकडचे, कापूसवाले.

इतके जण बघून पोरीने आईचा पदर घट्ट धरला. आजीने तिला ओढून मांडीवर घेतलं, पिशवीतून मीठ-मिरच्या काढल्या आणि तिथेच दृष्ट काढायला लागली. पोर किंचाळली. शिपाई धावला. भेट तिथेच संपली.

पुढच्या तारखेला आईच्या वकिलांचा अर्ज हजर. टोळी घेऊन आले, मूल घाबरलं, ॲक्सेस बंद करा.

मी देविदासभाऊंना बोलावून चांगलंच झापलं. ‘‘अहो, वरात आणलीत का? अर्ज मंजूर झाला तर पोरीचं तोंड दिसायचं नाही!’’

ते चप्पल बाहेर काढून उभे होते. म्हणाले, ‘‘मॅडम, लेकले भेटाले एकला जाऊ का? लोके म्हनतीन, तिना मांगे कोनी शेच नही.’’

माझा राग तिथेच विरला. त्यांच्याकडे परक्या घरी असलेल्या लेकीला भेटायला जायचं ते सगळ्यांनी मिळून. तिच्या पाठीशी माणसं आहेत, हे दिसावं म्हणून. कोर्टात नेमकं तेच अंगाशी आलं.

रिपोर्टमध्ये मी हे लिहिलं. जजसाहेबांनी अर्ज लगेच मंजूर केला नाही. म्हणाले, ‘‘एक भेट बघू. वडील एकटे येतील. मग ठरवू.’’

ते एकटे आले. बालकक्षातल्या चिमुकल्या खुर्चीत बसले, गुडघे छातीशी. समोर ईश्वरी, हातात सोंड तुटलेला हत्ती. आई बाहेर बाकावर.

‘‘दूध पिती का?’’

‘‘नाही.’’

झालं! संपलं संभाषण.

ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, काय बोलू?’’

‘‘मला काय विचारता? लेक तुमची आहे ना!’’

मी बोलून गेले. तेव्हा कळलं, हा माणूस पोरीबरोबर कधी एकटा बसलाच नव्हता. घरी ती आजीच्या कडेवर, काकूच्या ताटात. त्यांना फक्त ‘पप्पा’ अशी हाक ऐकू यायची. भरल्या घरात बापलेकीची ओळखच राहून गेली होती. मला भयंकर वाईट वाटलं. रिपोर्टात काय लिहू? बाप येतो आणि गप्प बसतो?

वेळ संपत आली. ईश्वरीनेच विचारलं, ‘‘आजी कुठंय?’’

‘‘घर शे. मी एकलाच उनू, एसटीमा.’’

‘‘एसटीनं? एकटेच?’’ तिने हत्ती खाली ठेवला. ‘‘भीती नाही वाटली?’’

मला वाटलं, आता गडी छाती पुढे काढणार. पण त्यांचे डोळे भरले होते.

‘‘भीती वाटनी,’’ ते म्हणाले.

‘‘मला पण वाटते. इथं.’’ तिने आपली खुर्ची सरकवत त्यांच्या खुर्चीला लावली.

मी तेवढंच लिहिलं, जसंच्या तसं. पुढे जजसाहेब चेंबरमध्ये ईश्वरीशी एकटीशी बोलले. अशा वेळी कोर्ट आईबापाचा हक्क नाही, मुलाचं हित बघतं. ताबा आईकडे राहिला. वडिलांना महिन्यातून दोन शनिवार मिळाले, आणि ती रुळली की सुट्टीत धुळ्याला न्यायची परवानगी.

ऑर्डर घेऊन देविदासभाऊ निघाले. मी म्हटलं, ‘‘भाऊ, घरचे खूश होतील.’’

‘‘हो. घरना बठ्ठा लोके वाट देखतस.’’ मग थांबून म्हणाले, ‘‘पन आते घर गयं का, पोरबिगर माले तठेबी एकलंच वाटस.’’

ते स्टँडच्या दिशेने चालत गेले. बालकक्षात सकाळच्या भेटीनंतर त्या दोन खुर्च्या पुन्हा तशाच चिकटून होत्या. शिपायाने ओळीत लावायला उचलल्या. मी म्हटलं, राहू दे रे. कोर्ट फार तर शनिवार देतं. खुर्ची ज्याची त्यालाच सरकवावी लागते.