ऑथराइज केलेली बाई

आमच्या हेडसरांचं इंग्रजी एका क्रियापदावर चालायचं: ऑथराइज. शिपायाला घंटा वाजवायला ऑथराइज, एखाद्या मास्तरला फळा पुसायला ऑथराइज. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायची, नांदुरा तालुक्यात. आजही तो शब्द कानावर पडला की कपाळावर आठी पडते.

ऐन एप्रिलात सर मुलीच्या लग्नासाठी पुण्याला निघाले. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या गैरहजेरीत मी मॅडमना ऑथराइज करतोय."

शिपायानं मला हळूच विचारलं, "म्हंजे काय हो, मॅडम?"

"अधिकार देणे," मी म्हणाले. चांगली फुशारले होते.

सर गेले आणि दुसऱ्याच दिवशी पाण्याची टाकी कोरडी पडली. मोटारीच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली सरांच्या खिशात पुण्याला! पोरं नळाला तोंड लावून परत येत होती. पाचवीतली एक मुलगी व्हरांड्यात भोवळ येऊन बसली. तिला माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि सरांना फोन लावला. मागे सनई वाजत होती.

"मॅनेज करा ना मॅडम, ऑथराइज केलंय तुम्हाला."

"मग कुलूप तोडते."

"छे छे! तेवढं ऑथराइज नाही केलेलं. मी आल्यावर बघू."

म्हणजे पोरांनी लग्न उरकेपर्यंत तहान धरून ठेवायची!

मी शिपायाला हातोडी आणायला सांगितली. ती घेऊन तो आला, पण घाव घालेना. "मॅडम, साहेब मले खाऊन टाकतीन."

"द्या इकडे." मीच घाव घातले. तिसऱ्या घावाला कुलूप निघालं, हाताची साल निघाली ती वेगळी. मोटार सुरू झाली आणि पोरांची नळावर झुंबड उडाली.

सर लग्नाचे लाडू घेऊन परतले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना लाडू वाटून झाल्यावर मला विचारलं, "हू ऑथराइज्ड यू?"

"तुम्हीच, सर. वाक्यात कर्ता तुम्ही, कर्म मी. व्याकरण अगदी शुद्ध होतं. फक्त किल्ली कर्त्याच्या खिशात होती."

कोणी हसलं नाही. शेजारच्या गणिताच्या बाई लाडवाकडे बघत राहिल्या. मी घाव घालत होते तेव्हा यांतले अर्धेजण व्हरांड्यात उभे होते. पाणीही प्यायले होते.

त्यानंतर मला कधी चार्ज मिळाला नाही. तो ड्रिलच्या सरांकडे गेला. त्यांना 'हाव सर' एवढंच उत्तर येत होतं आणि तेवढंच लागतही होतं. मोटारीच्या खोलीला दुप्पट जाड कुलूप आलं.

शब्दकोशात अजूनही 'अधिकार देणे' असाच अर्थ आहे. मी वर्गात तो सांगते, पण पुढं जोडते: कोणी ऑथराइज केलं की आधी हात पुढे करा आणि किल्ली मागा. मागच्या बाकावरची पोरं खदखदा हसतात. हसू देत. त्यांच्याही वाट्याला एखादा साहेब येईलच.