जागा बघून देणारे भूपालअण्णा

भूपालअण्णा एखादी खोली बघायला गेले की लगेच आत जात नसत. दारात थांबायचे, खाली बघायचे आणि विचारायचे, "चपला कुठं काढायच्या?"

खोली दाखवणारा माणूस गोंधळायचा. पंखे किती, खुर्च्या किती, रंग कधी दिला, हे सांगायच्या तयारीत तो आलेला असायचा. अण्णांना त्यातले काही ऐकायचे नसे. "चाळीस माणसं म्हंजी चाळीस जोड. ते रस्त्यावर आलं की शेजारी भांडायला येतोय. शेजारी भांडला की मंडळ बंद. माणसांचं काय, ती दाटीवाटीनं बसत्यात." चपलांची सोय झाली तरच ते उंबरा ओलांडत. व्हॉट्सअपवर ते जागेचे फोटो पाठवायचे, त्यात खोली नसायचीच. पायरी, व्हरांडा आणि कोपरा एवढेच असायचे.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डातले. हळदीच्या अडतीत त्यांचे आयुष्य गेले. साठी उलटल्यावर दुकान पुतण्याच्या हाती दिले आणि घरी बसण्याऐवजी हे काम अंगावर घेतले. शहरातल्या लहान मंडळांना भेटायला, बसायला, सराव करायला जागा शोधून द्यायची. बचत गट, भजनी मंडळ, निवृत्त शिक्षक, बुद्धिबळवाले, मधुमेह असलेल्यांचा गट, कोणीही यावे. स्वतःसाठी ते काही घेत नसत. कोणी विषय काढलाच तर म्हणत, "अडत जन्मभर खाल्ली की ओ. आता पचवायची वेळ हाय."

त्यांची माझी ओळख फोनवरची. एका दैनिकात 'आज शहरात' हे सदर माझ्याकडे होते. कोणता कार्यक्रम, कुठे, किती वाजता, एवढाच मजकूर. दुपारी तीनच्या सुमारास अण्णांचा फोन ठरलेला.

"कवितावाल्यांची खोली बदलली बगा. वरच्या मजल्यावर शिवणयंत्रं चालत्यात, कविता ऐकू येत न्हाईत."

"त्यांची तक्रार आली का?"

"त्यांची न्हाई. शिवणाऱ्या बायकांची. म्हणाल्या, मधीच कुनीतरी ओरडतंय, दोरा तुटतोय."

जागा शोधण्याची त्यांची रीत साधी होती. नवी जागा कुठे आहे हे ते विचारत नसत. असलेली जागा कधी मोकळी असते तेवढे बघत. हळदीचे गोदाम हंगाम सरल्यावर मोकळे. पतसंस्थेचा वरचा मजला संध्याकाळी मोकळा. शाळा रविवारी, आणि मंगल कार्यालय चातुर्मासात. काढीव मुहूर्तांमुळे चातुर्मास पूर्वीइतका कडक राहिलेला नाही, तरी आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालयांना बरीच उसंत असते. अण्णा म्हणत, "चार महिने कार्यालयाला उपास असतोय. तवा आपण फराळाला जायचं."

चुकाही व्हायच्या. हास्यमंडळाला त्यांनी खणभागात एक गच्ची मिळवून दिली. पहिल्याच सकाळी मंडळी हात वर करून हसायला लागली, आणि शेजारच्या घरात आदल्या रात्री म्हातारे आजोबा गेले होते. तिथून एक तरुण वर आला. नुसता बघत उभा राहिला. अण्णा खाली गेले, त्या घरात हात जोडून आले आणि मंडळाला म्हणाले, "आजच्या दिवस हसू नगा. टाळ्या वाजवा." मग क्षणभराने, "न्हाई, टाळ्याबी नगा. घरी जावा." मंडळातल्या एक बाई जिना उतरताना कसेबसे हसू आवरत होत्या. अण्णा त्यांना म्हणाले, "आवं अक्का, रोज म्हणताय हसू येत न्हाई, आन आजच आलं व्हय?"

अण्णांचा एक नेम जागा देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना दोघांनाही जड जाई. ते खोटे बोलत नसत. राजकीय बैठकीला 'कौटुंबिक मेळावा' म्हणून जागा मागणारे त्यांच्या दारातून परत गेले आहेत. पण खोटे बोलायचे नाही आणि खरेही सांगायचे नाही, असा प्रसंग एकदा आला. त्या प्रसंगामुळे अण्णा मला खरे कळले. त्यातल्या माणसाने, अण्णांना आणि आपल्या सोबत्यांना विचारून, हकिकत लिहायला परवानगी दिली आहे. त्याचे नाव इथे बदलले आहे.

नामदेव जावळी तालुक्यातले, मेढ्याच्या वरच्या एका गावचे. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि सांगलीत एका कारखान्यावर सुरक्षारक्षक म्हणून लागले. दारू सोडलेल्या माणसांचा एक गट दर गुरुवारी संध्याकाळी भेटायचा, त्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती. गटाची पद्धत अशी, की आतले बाहेर सांगायचे नाही, कोणाचे नाव घ्यायचे नाही, दारावर पाटी लावायची नाही. एका जुन्या तालमीची खोली त्यांना मिळाली होती. तालीम पाडायचे ठरले आणि खोली गेली. मध्ये काही आठवडे जागाच नव्हती. तेवढ्यात दोघे पुन्हा प्यायला लागले. नामदेव अण्णांकडे आले ते त्यानंतर.

"अण्णा, खोली गेली की आमी पैलं एकमेकाला चुकवाय लागतो," नामदेव म्हणाले. "समोरनं आला तरी गल्ली बदलायची. मग दुकान गावतंच. त्येला जागा हुडकावी लागत न्हाई. पुढचा नंबर माजा हाय, ह्ये मला म्हाईत हाय."

अण्णांनी एवढेच विचारले, "किती वाजता बसता?"

"सात."

"मग कुलूप मीच उघडणार. माझं जेवण दिवस मावळायच्या आत झालेलं असतंय. सातला मी निवांत."

आषाढ नुकताच लागला होता. विश्रामबागेकडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई सुलोचनावहिनी अण्णांच्या ओळखीच्या. चार महिन्यांसाठी जेवणाच्या हॉलमागची खोली मिळाली. अडचण एकच होती. कार्यालयाच्या फाटकावर काळा फळा होता आणि त्या दिवशी आत काय आहे ते तिथे लिहायचा वहिनींचा दंडक होता. 'सत्संग' म्हणा, असे कोणीतरी सुचवले. अण्णा म्हणाले, "सत्संग असता तर म्हटलं असतं." एक रात्र विचार करून त्यांनी एक नाव काढले. खरे होते आणि काही सांगतही नव्हते. सुटका मंडळ.

फळा लिहायचे काम पहारेकरी म्हादबांकडे होते. पहिल्या गुरुवारी अण्णांनी त्यांना फोनवर नाव सांगितले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. म्हादबांनी ऐकू आले तसे ठळक अक्षरात लिहिले: 'आज सायं. ७ वा. सुतक मंडळ.'

अण्णा मागच्या फाटकाने येत, गटातली माणसेही तिकडूनच. चातुर्मासात वहिनीही कार्यालयाकडे फारशा फिरकत नसत, त्यामुळे पुढचा फळा कोणी वाचला नाही. म्हादबा दर गुरुवारी तेच लिहीत राहिले. त्यांना त्यात वावगे वाटण्याचे कारणही नव्हते. माणसे गप्प येत, गोल करून बसत, एकेक जण हळू बोलायचा, कोणी मध्येच डोळे पुसायचा, बिनखाण्याचा चहा पिऊन सगळे गप्प निघून जात. "कुनाचं तरी लय मोठं मानूस गेलं असणार," असे म्हादबांनी स्वयंपाक्याला सांगितले होते. "आजून सावरली न्हाईत बिचारी."

दिवाळीनंतर लग्नासाठी कार्यालय बघायला एक कुटुंब आले. आले ते नेमके गुरुवारी. मुलीच्या आजी फाटकाशी थांबल्या, फळा वाचला आणि पदर सावरून गाडीत जाऊन बसल्या. त्या उतरल्याच नाहीत. त्या संध्याकाळी सुलोचनावहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. अण्णा कुलूप काढायला आले.

"अण्णा, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती. लग्नाच्या दारात सुतक?"

"सुतक? कुनाचं?"

वहिनींनी त्यांना हाताला धरून फळ्यापुढे नेले. अण्णांनी फळा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "आवं वैनी, सुटका म्हटलं हुतं मी. सुटका!"

"कसली सुटका?"

अण्णा म्हणाले, "ते माझं सांगायचं न्हाई."

"मग माझंबी द्यायचं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी कुलूप मी घालणार."

बाजूला म्हादबा खडू हातात घेऊन उभे होते. "मग काय लिवू?" त्यांनी विचारले.

त्या आठवड्यात अण्णांनी सहा-सात जागा पाहिल्या. चपलांचा प्रश्न त्यांनी एकाही ठिकाणी काढला नाही, असे त्यांच्याबरोबर फिरलेला रिक्षावाला सांगतो. लग्नसराई तोंडावर होती. जागा मिळत नव्हती, मिळाली तर कशासाठी हे विचारले जात होते. शेवटी ते नामदेवांच्या कारखान्याच्या फाटकावर गेले. "वैनीला कारण पायजे. सांगायचा हक्क मला न्हाई. तुमी नको म्हटलासा तर मी हुडकत राहीन. पण येत्या गुरुवारला जागा न्हाई, ह्ये आजच सांगतो."

नामदेव त्याच दिवशी ड्यूटी संपवून, गणवेशातच, वहिनींकडे गेले.

"वैनी, मी माझ्यापुरतं सांगतो. बाकीच्यांचं इचारू नका. मी दारू पीत हुतो. फौजेत कोटा मिळायचा, घरी आल्यावर कोटा माझा मीच वाढवला. आता पीत न्हाई. ती खोली हाय तवर पीत न्हाई. एवढाच रिपोर्ट हाय."

वहिनींनी विचारले, "म्हणजे तिथं बसतात ते कोणीच पीत नाहीत?"

"आज तरी कुनी न्हाई."

"लग्नाच्या दिवशीसुद्धा?"

नामदेवांना प्रश्न कळला नाही. "दिस कंचाबी असू दे."

मग वहिनींनी आपले दुखणे सांगितले. लग्नात कोठीची किल्ली सांभाळायला माणूस मिळत नव्हता. तूप, साखर, तयार मिठाई, सगळे कोठीत. किल्ली ज्याच्याकडे द्यावी तो वरातीपर्यंत कुठेतरी दोन घोट घेऊन आलेला असायचा. मागच्या उन्हाळ्यात एक जण किल्ली खिशात घालून नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचत गेला. पंगत बसलेली आणि जिलब्या कुलपात. वरपक्षाने ते अजून विसरलेले नाही.

"लग्नात कोठी तुम्ही सांभाळा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यातले दोघे तिघे, जमेल तसे. आणि गुरुवारी कोठीत बसा. बाराही महिने. लग्न असलं तरी कोठीत पाहुणे येत नाहीत."

राहता राहिला फळा. म्हादबांनी 'कोठी सफाई' लिहावे असे सुचवले. वहिनींना ते पसंत पडले, नामदेवांनाही. अण्णा म्हणाले, "सफाई कुठं हाय?" अण्णा घरी गेले आणि गुरुवारी नवा झाडू घेऊन आले. त्या दिवसापासून गट बसण्याआधी कोठी झाडून घेतो, पोती सरळ लावतो, मग बसतो. अण्णांचे समाधान झाले. "आता फळा खरा हाय," ते म्हणाले.

अण्णा स्वतः आत कधी बसले नाहीत. कुलूप उघडून द्यायचे, बाहेर स्टुलावर बसायचे, शेवटी कुलूप लावून घरी. आत काय चालते हे त्यांनी विचारले नाही आणि त्यांना कोणी सांगितले नाही. गेल्या वर्षी पत्नी वारल्यावर कराडला असलेल्या लेकीने त्यांना तिकडे बोलावून घेतले. जायच्या आधीच्या गुरुवारी किल्ली द्यायला ते कोठीशी आले. नामदेवांनी किल्ली घेतली नाही.

"अण्णा, आज आत बसा."

"मी? मला कुठं काय हाय?"

"नसंल तर ऐका. बसा वाईच."

तेलाच्या डब्यांना टेकून अण्णा बसले. गटात एकेक जण आपले पहिले नाव सांगतो आणि आपले बोलतो. बाकीचे ऐकतात. सल्ला द्यायचा नाही, हा तिथला कडक नियम. फिरत फिरत पाळी अण्णांवर आली. ते सावरून बसले. मग म्हणाले, "मी भूपाल. मी दारूला शिवलेलो न्हाई, तंबाखूला न्हाई. पण जागा हुडकायचा नाद हाय, आन घरात माणूस राहिलं न्हाई तवापास्नं त्यो हाताबाहेर गेलाय. रिकामी खोली दिसली की मला राहवत न्हाई. कुनाला तरी तिथं नेऊन बसवंपर्यंत झोप लागत न्हाई."

कोणी हसले नाही. अशा वेळी पुढच्या माणसाने आपले बोलायला सुरुवात करायची असते. पुढचा माणूस म्हणजे पुन्हा प्यायला लागलेल्या दोघांपैकी एक. तो परत आला होता. त्याने नियम मोडला.

"अण्णा," तो म्हणाला, "ह्ये मातूर सोडू नगा."

किल्ली आता नामदेवांकडे असते. अण्णा कराडला गेले त्या आठवड्यातच मला दुपारी तीनच्या सुमारास फोन आला. मागे वाहनांचा आवाज होता. 'आज शहरात' आता मी बघत नाही, हे त्यांना माहीत होते.

"नदीच्या अंगाला एका पतसंस्थेचा वरचा मजला हाय बगा," ते म्हणाले. "संध्याकाळी सगळा मोकळा. वारा लय चांगला येतोय. इकडं मी कुनालाच वळखत न्हाई. तुमच्या वळखीचं एखादं मंडळ हाय काय कराडात, ज्यास्नी बसायला जागा न्हाई?"