बेडशाची शापित पेटी

आम्हा साउंडवाल्यांना सेटवर कुणी विचारत नाही. पण कानांवर हेडफोन असल्यामुळे सगळ्यांचं सगळं ऐकू येतं आणि किस्से आपोआप साचत जातात. फिल्म टीव्हीवर दीड तासात संपून जाते. किस्से मात्र माळ्यावरच्या डब्यांसारखे, टाकवत नाहीत आणि मावतही नाहीत.

लोणावळ्याकडच्या बेडशाच्या बंगल्यातले माझ्याकडे सगळ्यांत जास्त आहेत. एका चॅनलसाठी हॉरर फिल्म होती. एका मेलेल्या गायिकेची धून असते, ती पेटीवर वाजली की ऐकणाऱ्या बाईच्या अंगात ती गायिका शिरते, एवढीच गोष्ट. बंगला मुंबईच्या कुणा हौशी माणसाचा, विलायती धाटणीचा, मनोरा वगैरे असलेला. तो सांभाळायचे गावातले दत्ताभाऊ. युनिटचं जेवण करायची त्यांची बायको, सोनामावशी.

पहिल्याच दिवशी आमच्या दिग्दर्शकांनी, साने सरांनी, दत्ताभाऊंना बाजूला घेतलं. "या बंगल्यात काही... आहे का हो?"

"काय?"

"म्हणजे, भूत वगैरे?"

"न्हाई."

सरांचा चेहरा पडला. पब्लिसिटीसाठी त्यांना थोडं काहीतरी हवं होतं. दत्ताभाऊंना त्यांची कीव आली असावी. "मागच्या नळातून रातचं आवाज येतो," ते म्हणाले, "पण त्याचा वॉशर गेलाय."

* * *

रात्रीचे सगळे सीन आम्ही दिवसा करायचो. खिडक्यांना काळं कापड ठोकायचं, आत निळे दिवे लावायचे, झाली रात्र. सोनामावशी भर दुपारी जेवण घेऊन आल्या आणि चाचपडत उभ्या राहिल्या.

"दिवसा अंधार करायचा आन मग त्यात दिवं लावायचं," त्या म्हणाल्या. "येवढं कशापायी? रातचंच या की."

त्या दिवशी मी पाहिलं, भाकऱ्या सगळ्यांना वाटून झाल्या तरी एक भाकरी त्यांनी फडक्यात तशीच ठेवली. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आमची ती." एवढंच.

मला राहवेना. मग लाइटच्या माणसाकडून कळलं. त्यांची एकुलती एक लेक, मंदा. जवळच्याच नवलाख उंबरे गावच्या एका फॅक्टरीतल्या मुलाशी तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. दत्ताभाऊंनी दार लावलं आणि घरात तिचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून मावशी नाव घेत नाहीत. भाकरी मात्र एक जास्तीची करतात.

* * *

पेटीची गोष्ट तर वेगळीच. सरांना जुनी, रडकी पेटी हवी होती. पुण्याहून आणलेली फारच सुरेल निघाली. दत्ताभाऊ म्हणाले, माझी हाय घरी. गावच्या भजनात तेच पेटी वाजवायचे. पण मंदा गेल्यापासून त्यांनी ती उघडली नव्हती. लोणावळ्याकडचा पाऊस तिच्यात मुरला होता. एक काळी पट्टी दाबली की वरच यायची नाही, हवा संपेपर्यंत कण्हत राहायची. सर खुर्चीतून उठले. "हाच! हाच शाप!"

वाजवायला अर्थातच दत्ताभाऊ. त्या पट्टीची खोड त्यांनाच ठाऊक.

पुढे झालं असं, की आमच्या मोठमोठ्या दिव्यांच्या उष्णतेनं पेटी सुकली. एका सकाळी पट्टी झटकन वर आली. सूर स्वच्छ! सगळ्या युनिटचं तोंड उतरलं. शेवटी असिस्टंटनं पेटी बाथरूममध्ये ठेवली आणि गरम पाण्याचा नळ सोडून दार ओढून घेतलं.

दत्ताभाऊ बाहेर बसून होते. मला म्हणाले, "दुखणं बरं झालं म्हणून रडणारी मानसं पैल्यांदा बघतोय."

संध्याकाळपर्यंत पेटी पुन्हा आजारी पडली आणि सगळे खूश झाले.

* * *

केतकी आमची हिरॉइन. मुलगी गोड, पण तिच्या अंगात गायिका शिरली की दाढ दुखत असल्यासारखी वाटायची. मोठा सीन लग्नघरातला होता. धून वाजते, नवरी घुमायला लागते, बायका किंचाळत पळतात. बायका बेडशातल्याच आणल्या होत्या, त्यांत सोनामावशीही.

सर ओरडले, "अ‍ॅक्शन!" पेटी कण्हली. केतकी घुमायला लागली. एकही बाई पळाली नाही. सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतले. एकीनं प्रॉपच्या ताटातलं हळदकुंकू उचलून केतकीला लावलं. दुसरी पाया पडून म्हणाली, "आई, म्हस कवा गाभण ऱ्हाईल?"

"कट! अहो, पळायचंय! ही देवी नाही, भूत आहे!"

म्हशीवाली शांतपणे म्हणाली, "आदी इचारल्याबिगर कसं कळंल?"

सरांनी तह केला. एकीनंच विचारायचं, "कोण आहेस तू?" केतकी म्हणेल, "मी आलेय," आणि मग सगळ्यांनी पळायचं. विचारायला सोनामावशींना पुढे केलं.

टेक सुरू झाला. दत्ताभाऊ कॅमेऱ्याच्या मागे, पेटीवर. केतकी घुमू लागली आणि आज ती दाढ दुखल्यासारखी मुळीच वाटत नव्हती. मावशी पुढे झाल्या. पदर पसरला.

"आई," त्या म्हणाल्या, "माजी मंदा दारात आली, तर घरात घिऊ का?"

माझ्या हेडफोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता.

केतकी थांबली. मग पोटातून कुठून तरी आवाज आला, तिचा आवाज मला पाठ होता, तरी खात्रीसाठी मी रेकॉर्डरच्या मीटरकडे पाहिलं.

"आण तिला."

पेटी थांबली. ती पट्टीसुद्धा. सर कट म्हणायला विसरले आणि बायका पळायला.

जेवणाच्या सुट्टीत मी केतकीला विचारलं, "तुला मंदाबद्दल कुणी सांगितलं?"

"कोण मंदा?" ती म्हणाली.

तेवढ्यात दत्ताभाऊ आले. "ते भरून घेतलंय न्हवं तुमी? जरा ऐकवा." मी हेडफोन दिले. त्यांनी ऐकलं. पुन्हा ऐकवा म्हणाले. मग हेडफोन जपून टेबलावर ठेवले आणि मोटरसायकल काढून नवलाख उंबऱ्याच्या दिशेनं गेले.

दुपार कलल्यावर परतले. मागे एक मुलगी बसली होती, मांडीवर पिशवी धरून. सोनामावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या, हात पिठाचे, तसेच तिच्या गालांना लावले.

केतकी पायरीवर जीन्स घालून वडापाव खात होती. मंदा डोळे पुसत तिच्याकडे गेली आणि वाकली. केतकी भरल्या तोंडानं मागे सरकली.

दत्ताभाऊंनी लेकीचा दंड धरला. "आगं, आता नको पाया पडू," ते म्हणाले. "आता त्या नुसत्या बाई हायेत."