विणकराचं खरं उत्तर

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा मागणाऱ्याला पंचांपुढे बसावं लागे. मध्ये पाद्रीसाहेब, बाजूला आम्ही तिघे पंच. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना म्हणून झाली की शेवटी विचारत, "बाप्तिस्मा कशासाठी हवा?" उत्तर ठरलेलं होतं : माझ्या पापांची क्षमा व्हावी म्हणून. मी मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून उमेदवारांची तयारी माझ्याकडे असे. हे उत्तर मी प्रत्येकाकडून घोटून घेत असे.

विसाव्या वर्षी मीही हेच उत्तर दिलं होतं. माझा आवाज कापला, तेव्हा एका म्हाताऱ्या पंचांनी डोळे पुसले. पण खरं कारण महाल पेठेत, आमच्या घरी होतं. बाबा गेल्यावर थोरला भाऊ माझं सगळं ठरवू लागला. काय शिकायचं, कुणाशी बोलायचं, सगळं. चार माणसांत त्याने मला एकदा मुस्काटात मारली. त्याला कायमचं झोंबेल असं काय करता येईल याचा मी विचार करत राहिलो, आणि मग मिशनच्या बंगल्याची पायरी चढलो. मला ख्रिस्त हवा होता, असं मी म्हणत असे. हवा होता तो भावाचा पडलेला चेहरा. तो मला पाहायला मिळाला. हे मी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

उमरेडचा एक विणकर माझ्याकडे तयारीला आला तेव्हा मी पंच होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची बायको मिशनच्या दवाखान्यात वारली होती. मरण्याआधी तिने खाटेवरच बाप्तिस्मा घेतला, आणि तिला आमच्या कबरस्तानात पुरलं. त्यानंतर हा दर रविवारी उमरेडहून येई आणि शेवटच्या बाकावर बसे. त्याच्या भाऊबंदांनी त्याला पंगतीतून उठवलं होतं.

पंचांपुढे त्याने आज्ञा नीट म्हटल्या. प्रार्थनाही म्हटली. शेवटचा प्रश्न आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजीनं शिकवलं ते येते मले," तो म्हणाला. "पण देवाच्या घरात लबाडी कशी करू जी? माही बायको तुमच्याकडं गेली. वरती तिच्या वळखीचं कोनी नाही. बाजारातही एकटी जात नव्हती ते. मी मेल्यावर मले तिच्यापाशी जाऊ द्या, म्हून बाप्तिस्मा पाहिजे."

कचेरीतून पेन्शन घेतलेले एक पंच हसून म्हणाले, "हा तर स्वर्गात सासुरवाडीला निघालाय!"

पाद्रीसाहेब हसले नाहीत. ही बायकोची माया आहे, तारणाऱ्याची ओढ नाही, असं त्यांनी सौम्यपणे समजावलं. आणखी एक वर्ष थांबावं, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्हाला काय वाटतं?"

द्वेषाने आलेला मी पंचांच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि मायेने आलेला माणूस समोर जमिनीवर. एवढं बोललो असतो तरी पुरे होतं. मी म्हणालो, "थांबणं बरं."

त्यानंतर तो आला नाही. तीन महिन्यांनी मी उमरेडला गेलो. त्याआधी दोन दिवस मला अन्न जात नव्हतं. तो मागावर बसला होता. मी उभ्याउभ्याच त्याला सगळं सांगितलं : भाऊ, ती थप्पड, खोटं उत्तर. म्हणालो, "चल माझ्याबरोबर. पंचांपुढे मी हे कबूल करतो. मग तुला ते नाही म्हणणार नाहीत."

त्याने मागावरचा हातातला धोटा थांबवला. "काहून आले गुरुजी? माह्यासाठी, का सोताचं ओझं उतरवाले?"

"तू चल तर खरा," मी पुन्हा म्हणालो.

"भाऊबंदांनी मले पंगतीत घेतलं परत," तो म्हणाला. "प्रायश्चित्त झालं, जेवन झालं. आता मी मेलो का ते मले नदीवर नेतीन. बायको तिकडं तुमच्या कबरस्तानात, मी इकडं. तुम्ही जा जी. माहं काम पडलं हाये."

"मी पंचांना सांगतोच," मी म्हणालो.

"सांगा, नाही तं नका सांगू. तिले काय त्याचं?"

मी स्टेशनवर आलो. गाडी सुटली आणि मला जाणवलं की माझी छाती हलकी झाली आहे. तो येणार नव्हता, म्हणजे मला पंचांपुढे काहीच बोलावं लागणार नव्हतं. पुढच्या स्टेशनावर मी फुटाणे घेतले आणि भुकेने सगळे खाल्ले.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी अजून पंच आहे. रोज गुडघे टेकतो, त्या माणसाशी जसं वागलो त्याची क्षमा मागायला लागतो, आणि थोड्याच वेळात ध्यानात येतं की मी मागतो आहे ते हेच, की ही गोष्ट कुणाला कळू नये. तेवढं मात्र देवाने आजवर ऐकलं आहे.