सीझनमध्ये सगळ्यात सुधारलेला गोल्फर

मंडळी, आज आमच्या मुलुंडच्या चार हौशी गोल्फरांचा सीझन संपला. खेळून झाल्यावर चहा घेताना प्रत्येकाने आपली प्रगती सांगायची, असं ठरलं होतं. माझं तर फक्त पोट वाढलं.

सगळ्यात सुधारला तो शिरीष. (नाव बदललंय, आणि त्याला विचारूनच लिहितोय.) गोल्फमध्ये फटके जितके कमी, तितका खेळाडू मोठा. आणि आपले फटके आपणच मोजून सांगायचे. शिरीष आठ मारून पाच सांगायचा.

"लग्नात वयही असंच कमी सांगितलंस का रे, चोरा?" सीझनभर मी त्याची अशी टर उडवली. सगळे हसायचे, तोही हसायचा.

आज शेवटच्या होलला त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला. चार फटक्यांनंतर कसाबसा बाहेर आला. शिरीष माझ्याकडे वळून म्हणाला, "मी मारला का रे? की अजून मारायचाय?"

मी हसलो. तो हसला नाही.

"मधलं काही आठवतच नाही यार. तू चोर म्हणायचास ना, तेव्हा बरं वाटायचं. म्हटलं, चोरतच असेन. चोर असलेलं परवडलं."

चहाच्या वेळी त्याने त्या शेवटच्या होलचा स्कोअर सांगितला. "पाच." बाकीचे दोघे टोमण्यासाठी माझ्याकडे बघायला लागले. शिरीषही बघत होता, अगदी आशेने.

मी म्हणालो, "चोर साला!" सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

उद्या त्याला डॉक्टरकडे नेतोय. आजच्या दिवस त्याला चोर राहू दिलं. चुकलं का माझं?